तार पोचल्यावर

विजयाताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी आर्वीच्या बस स्थानकावर उभी होते. फोनवर त्यांचे यजमान होते. "माधुरी, सकाळीच गेली... शांतपणे," एवढंच ते म्हणाले. ज्या गावाला मी निघाले होते ते गाव मला ताईंनीच दाखवलं होतं. मी समोरची वर्ध्याची गाडी पकडली आणि परतले. आज त्याला काही आठवडे झाले. आता कुठे लिहायला बसता येतंय.

ताई सिंदी रेल्वे या गावच्या, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑप्टिकल फायबर शिकवायच्या, त्यातच त्यांचं संशोधन. वर्ध्याच्या नालवाडीत आमची घरं शेजारी. मी सामुदायिक आरोग्याची डॉक्टर, त्यामुळे आमच्या कामांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. निवृत्तीनंतर एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, "अगं, जन्मभर मी काचेच्या तारेतून उजेड पाठवला. तो खेड्यात पोचल्यावर त्याचं काय होते, हे पाहाले कोणी जातच नाई. चाल, आपण जाऊ." गावातल्या दवाखान्याला आणि शाळेला या इंटरनेटच्या तारेचा नेमका काय उपयोग होतो, याचा अभ्यास आम्ही दोघींनी असा सुरू केला.

आर्वीपुढच्या त्या गावात तार पोचली होती, पण ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या कुलूपबंद डब्यात येऊन थांबली होती. ताईंनी डब्याकडे नुसतं पाहिलं आणि उपकेंद्रात लसीकरणाला आलेल्या बायांमध्ये जाऊन बसल्या. तुम्हाला काय हवं, असं विचारत राहिल्या. बहुतेक जणी लाजून हसल्या. एक मात्र उठून जवळ आली. "माही पायल मुकी नाई जी," ती म्हणाली. "घरी बोलते. शाळेतच काऊन बोलत नाई, समजून नाई राह्यलं." शाळेत पायलला मंद ठरवून मागच्या बाकावर बसवलं होतं. मी तिचे कान तपासले, पुढच्या तपासण्या वर्ध्याला झाल्या. तिला ऐकूच कमी येत होतं. घरी आई समोर बसून बोलायची, म्हणून तिला ओठांवरून समजायचं.

कानाला यंत्र मिळालं, पण ऐकायला आणि बोलायला शिकवणाऱ्या बाई वर्ध्यात. दर आठवड्याला मजुरी बुडवून तिथं जाणं तिच्या आईला जमणारं नव्हतं. आम्ही मोबाइलवर शिकवणी सुरू केली. चित्र अडकायचं. आवाज पुढे जायचा, ओठ मागे राहायचे. ताईंनी शाळेपर्यंत तार ओढायची परवानगी मागितली. सरपंच ऐकेनात. डबा पंचायतीचा आहे, तो पंचायतीतच राहील, म्हणाले. ताई वाद घालत बसल्या नाहीत. "शिकवणी पाहाले तर या," म्हणाल्या. सरपंच आले. पडद्यावर बाईंचा चेहरा थिजलेला आणि पायल त्या थिजलेल्या ओठांकडे डोळे लावून बसलेली... कितीतरी वेळ, पापणीसुद्धा न हलवता. "ओढा जी तार," सरपंच म्हणाले. "उपकेंद्रालेही द्या."

पुढे रस्त्याच्या कामात खोदताना ती तार तुटली. तेव्हा ताईंच्या आजारावरचे उपचार सुरू झाले होते, तरी जोडायचं यंत्र आणि एक जुनी विद्यार्थिनी घेऊन त्या सोयाबीनच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच येऊन बसल्या. तार हातात घेतली, क्षणभर धरली आणि विद्यार्थिनीकडे दिली. "तूच कर. माह्या हातावर आता भरोसा नाई." जोड लागला तशा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मी मात्र तोंड फिरवलं होतं.

नंतर उपकेंद्राच्या सिस्टरनी शाळेतल्या सगळ्याच मुलांचे कान तपासून घेतले. पायलसारखी आणखी मुलं निघाली, शेजारच्या गावांतूनही येऊ लागली. आमच्या अहवालात तार किती गावांत पोचली याला ताईंनी फारशी जागा दिली नाही. तारेच्या टोकाला कोण बसलं आणि उठताना काय घेऊन उठलं, हेच त्यांनी लिहिलं.

मागच्या आठवड्यात त्या शाळेत शोकसभा झाली. शिकवणीच्याच खोलीत. पायल आता दहावीत आहे, लहान मुलांची शिकवणी सुरू करून द्यायला तीच बसते. मी बोलायला उभी राहिले आणि एका वाक्यातच मान खाली गेली. समोरून थोड्या जड पण स्वच्छ उच्चारात आवाज आला, "मॅडम, खिडकीकडे तोंड करा नं. मले ओठ दिसून नाई राह्यले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सरपंच, गुरुजी, सिस्टर... माझ्याआधी जे जे बोलले होते, ते सगळे खिडकीकडे वळूनच बोलले होते. या खोलीत कोणी पाठ उजेडाला करून बोलत नाही. ही सवय ताईंनी लावलेली. मी डोळे पुसले, खिडकीकडे वळले आणि ताईंबद्दल सांगू लागले, सावकाश, एकेक शब्द सुटा करत.