मसाल्याच्या गोडाऊनची फरशी

माल उचलायचा स्टॅकर गोडाऊनच्या मधोमध थांबला, तो हलेचना. त्याच्यावर मिरचीपुडीची खोकी. दारात ट्रक उभा. मालकीणबाई सुमनताई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच ब्रेक दाबून ठेवलाय.

"अहो मावशी, हेच का तुमचं नवीन मशीन?"

"नवीन आहे म्हणून इथपर्यंत आलं. जुनं दारातच बसलं असतं."

मी फोर्कलिफ्ट भाड्याने देते. पुढचे दोन लोखंडी दांडे मालाखाली सरकवायचे, उचलायचं, न्यायचं. काम एवढंच.

सुमनताईंचा बिबवेवाडीत मसाल्याचा कारखाना. आधी त्यांच्याकडे डिझेलची फोर्कलिफ्ट होती. बंद गोडाऊनमध्ये तिचा धूर मसाल्याला लागला. मोठ्या गिऱ्हाइकाने खोकं उघडलं, वास घेतला आणि अख्खा ट्रक परत पाठवला. पुन्हा असं झालं तर ऑर्डर दुसऱ्याला, असं तोंडावर सांगितलं. आज त्याच ऑर्डरचा ताजा माल जायचा होता. म्हणून मी बॅटरीवरचा स्टॅकर दिला. ही लहान फोर्कलिफ्ट. ड्रायव्हर तिच्यामागे चालतो. धूर नाही, अरुंद जागेत वळते.

"बॅटरी उतरली," माझा ड्रायव्हर दिलीप म्हणाला.

बघितलं. बॅटरी भरलेली.

"मग वजन जास्त झालं."

"एवढंच वजन दारापाशी उचललंस ना?"

"डिझेलवालीच बोलवा," सुमनताई म्हणाल्या. "दार उघडं ठेवू."

"आणि वासाला सांगू, तू बाहेर थांब."

मला आता ट्रकपेक्षा त्या मशीनचंच कोडं पडलं. माल उतरवून चालवलं. चाललं. माल चढवला. दोन हात गेलं आणि बसलं. गुडघे नको म्हणत होते, तरी खाली वाकले. दारापाशी सिमेंटचा कोबा होता. आत शहाबादी फरशी, आणि सांध्यांमधलं सिमेंट उडालेलं. स्टॅकरची पुढची चाकं वाटीएवढी आणि कडक. वजन आलं की सांध्यात रुतायची.

"शहाबादी कोणी घातली?"

"आमच्या ह्यांनी. थंड राहते म्हणून."

"चटई टाकून झोपायला उत्तम आहे."

दिलीपने पत्रे अंथरून पाहिले. पत्रेच सरकायला लागले. मग मी लोणी काळभोरच्या शेडमधून बॅटरीचीच तीनचाकी फोर्कलिफ्ट मागवली. तिची चाकं रबराची, मोठी. सांधे सहज ओलांडतात. पण तिचं स्वतःचंच वजन भारी. फरशी पेलेल का? ती येईपर्यंत मी पहारीने फरशी ठोकत फिरले. मधली वाट भरीव वाजली. मागच्या भिंतीकडे पोकळ. खाली भरावच नव्हता.

"तिकडे मशीन नेलंत तर फरशी फुटेल, मशीन खाली बसेल," मी म्हणाले.

"पण निम्मा माल तिकडेच आहे!"

"मग तो हातानेच आणायचा."

सुमनताईंनी पदर खोचला, पाकिटं भरणाऱ्या बायकांना हाक मारली. सगळ्यांनी साखळी करून खोकी मधल्या वाटेवर आणली. तिथून फोर्कलिफ्टने उचलली. अंधार पडायच्या आत ट्रक निघाला.

दुसऱ्या दिवशी सुमनताईंचा फोन आला. "मावशी, त्या गिऱ्हाइकाने खोक्यात नाक घातलं. शिंकला. माल ठेवून घेतला."

तेव्हापासून कोणी फोर्कलिफ्ट मागितली, की किती टनी हवी ते मी नंतर विचारते. आधी जागा बघायला जाते. मालक हौसेने उंच छत दाखवतात. मी खाली बघत चालते.