वर न गेलेला हात

नवऱ्याला सांगितलं नाही, पाळकांना सांगितलं नाही. देवापुढंसुद्धा मी आजवर ‘माझी पापं’ असं मोघमच म्हणत आले — सगळी एका गाठोड्यात बांधली की एखादं वेगळं काढून दाखवावं लागत नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही त्या गावचे नाही, एवढंच असेल.

गाव शिरूर तालुक्यातलं, निमोण्याच्या पलीकडचं, घोडनदीपासून अर्ध्या कोसावर. माझे यजमान तिथं शाळामास्तर. आम्ही ख्रिस्ती. गाव मला मास्तरीणबाई म्हणायचं, आणि मी गावच्या विहिरीवर पाणी भरायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं तिथंच अडलं. माझे वडील बाप्तिस्मा घेण्याआधी नगरकडच्या एका गावात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेले. इथं ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घागर भरून निघाले की रोज वाटायचं — चला, आजचा दिवस निभावला.

पंचायतीचा नवा कायदा आला, बायकांना जागा आल्या. लिहितीवाचती बाई गावात मी एकटी, म्हणून मला घेतलं. इथल्या वस्तीच्या राखीव जागेवर भिवाजी आला. तिशीचा, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. ही त्याची खोड गावाला खपायची नाही. आम्ही एकूण सात जण. त्याच वर्षी विकास गटाकडून गावाला एक विहीर मंजूर झाली. गरिबाचं भलं आता गावानंच करायचं, विहिरीची जागाही गावानंच ठरवायची, असं साहेब जीपमधून उतरून सांगून गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच.

जागा कुठली, यात ठरवण्यासारखं तरी काय होतं? गावाला विहीर होतीच. वस्तीच्या बायका नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. एक घागर भरायला सकाळ जायची. पण सरपंच आप्पांना ती विहीर आपल्या भाऊबंदांच्या मळ्याजवळ हवी होती. त्यांच्या बाजूला ते धरून तीन हात. भिवाजी महिनाभर दारोदार फिरला आणि दोन शेतकरी त्यानं वळवले. ते दोन, तिसरा त्याचा — आणि चौथा माझा.

आदल्या दिवशी त्याची आई ठकूबाई माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. मी आत बोलावलं नाही. म्हणाली, “बाई, तुमचा हात आमच्याकडं असंल न्हवं?” मी म्हटलं, असेल. खरंच तसं मनात होतं. पण मनात होतं, याला आता काय किंमत आहे?

बैठक चावडीत. बसायची रीत ठरलेली. आप्पा भिंतीला टेकून सगळ्यांकडं तोंड करून, त्यांच्यासमोर पुढच्या बाजूला पुरुष सभासद, ग्रामसेवक वहीत मान घालून. भिवाजी सगळ्यांच्या मागं, दाराच्या पायरीपाशी. आणि बाईमाणूस म्हणून मी कोपऱ्यात, तीही मागंच. म्हणजे माझा हात दोघांनाच दिसणार होता, आप्पांना आणि भिवाजीला. वस्ती बाहेर चिंचेखाली वाट बघत बसली होती. तिला काहीच दिसणार नव्हतं.

आप्पांनी मला धमकी दिली असती, तर आज मला बरं वाटलं असतं. त्यांनी काय केलं? नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, “बाई, तुमी तर आमच्यातल्याच.” एवढंच. आमच्यातल्या! त्या एका शब्दानं मी सुखावले — हो, आधी सुखावले, भीती मागून आली. वस्तीसाठी हात वर केला, की हे लोक मला त्या वस्तीत मोजायला लागतील. उद्या विहिरीवर कुणीतरी विचारेल, बाई, मूळच्या कुठल्या तुम्ही?

“वस्तीसाठी हात वर करा,” आप्पा म्हणाले. भिवाजीचा हात वर गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझा हात मांडीवर होता, दुसऱ्या हातानं मी तो धरून ठेवला होता. “तीन,” आप्पा म्हणाले. ग्रामसेवकानं नावं लिहिली नाहीत, आकडा लिहिला. मळ्याकडंही तीनच हात होते, तेव्हा आप्पांनी सरपंचाचं जादा मत मळ्याला टाकलं.

इथवर तो भेकडपणा होता. पुढचं ऐका.

चिंचेखाली ठकूबाईनं माझा हात धरला. माझा हात धरणारी त्या गावातली ती पहिलीच बाई. “तुमचा हात व्हता ना, बाई?” मी म्हटलं, होता.

दोन शेतकऱ्यांनी आपले हात वर होते, हे सगळ्यांदेखत सांगितलं. तिसरा माझा. मग उरला कोण? ठकूबाईला बोटं मोजायला येत होती. भिवाजी ओरडून सांगत होता, त्याला कुणी विचारेना. पत्रं वाचून दाखवणारी, मुलांना औषध देणारी बाई खोटं कशाला बोलेल? आणि राखीव जागेवरचा माणूस आप्पांना फितूर होतो, हे तर सगळ्यांना पटणारंच होतं. आप्पा मिशीत हसले आणि गप्प राहिले. मीही गप्प राहिले. त्याच्या आईनं त्याच्या हातचं पाणी घेणं सोडलं. झिऱ्याचं पाणी, वाटीवाटीनं भरलेलं — तेही तिनं घेतलं नाही. पावसाळ्याआधी तो गाव सोडून गेला. विहीर मळ्यात झाली.

चार वर्षांनी यजमानांची बदली दौंडला झाली. एका रविवारी, भर बाजारात, भिवाजी समोर आला. रेल्वेत इंजिनांची राख काढायच्या कामावर होता. नखांत काळं बसलेलं. शिव्या देईल असं वाटलं. त्यानं डोळ्यांत बघून विचारलं, “बाई, आईला खरं कळलं का वं?”

मी म्हटलं, हो, कळलं.

का म्हटलं? तो समोरून जावा म्हणून, एवढंच. पण तो गेला नाही, तिथंच खाली बसला. चेहरा ओंजळीत धरून बराच वेळ बसला. मग उठून म्हणाला, “तर मग जातो येत्या रैवारी. आईला लुगडं घेतो. बाई, तुमीच रंग सांगा, मला त्यातलं काय कळतंय?” मी त्याच्याबरोबर दुकानात गेले. हिरवं निवडलं, लाल काठाचं.

पुढं काय झालं ते गावाकडून आलेल्या एका बाईनं सांगितलं. म्हातारीनं दार लावून घेतलं. तो लुगडं मांडीवर घेऊन दिवस कलेपर्यंत दारात बसला, मग ते उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. ते तिथंच पडून राहिलं, तिनं आत घेतलं नाही. दौंडात मला तो परत दिसला नाही.

दौंडहून शिरूरला एसटी जात होती. ठकूबाई त्यानंतर दोन वर्षं जगली. मी गेले नाही.