बाजाराच्या दिवशीची गोळी

सांध्यांचे डॉक्टर बीडला महिन्यातून एकदाच येतात. नंबर लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर आम्हा बायकांचे इतके किस्से होतात, की आत गेल्यावर दुखणं सांगायचंच राहून जातं!

आमचा आजार एकच. रोगाशी लढणारी शरीराची ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते. तिला दाबून ठेवायला आठवड्यातून एकदा गोळी घ्यायची. फक्त एकदा!

*

पाटोद्याकडच्या कांताक्का ही गोळी बाजाराच्या दिवशी घ्यायच्या. लक्षात राहायला सोपं. मग जावयाच्या ऊसतोड टोळीबरोबर स्वयंपाकाला म्हणून माजलगावकडे गेल्या. परत आल्या त्या तोंडभर फोड घेऊन!

डॉक्टर घाबरले. गोळी लगेच बंद, रक्त तपासायला. उरलेल्या गोळ्या मोजून म्हणाले, "आठवड्यात दोनदा कशी घेतली?"

"म्या कुठं घेतली? तिथं दोन गावचे दोन बाजार भरत हुते!"

*

माझी दुसरी एक गोळी होती, तिने तोंड सुजून गोल झालं. शेजारीण म्हणाली, "तब्येत लई सुधारली की!"

ती गोळी एकदम थांबवायची नसते, हळूहळू कमी करायची. डॉक्टरांनी अर्धी सांगितली. माझ्या बोटांनी तुटेना, म्हणून आमच्या ह्यांनी अडकित्ता आणला. कट्ट! अर्धी गोळी उडाली ती थेट अंगणात, आणि कोंबडीने टिपली!

हे शांतपणे म्हणाले, "कोंबडीचे गुडघे तरी आता दुखायचे न्हाईत."

*

बाकावर सगळ्यात लहान शाहीन. तिचं बांगड्यांचं दुकान, नवरा सलीम गाड्या दुरुस्त करतो. तिला लेकरू हवं होतं, आणि ही आठवड्याची गोळी चालू असताना ते चालत नाही. डॉक्टरांनी बजावलं, "काही महिने आधी बंद करू. पण मी सांगेन तेव्हा, मनाने नाही."

गोळी थांबली. बदली दिलेलं औषध सौम्य होतं, तिची मनगटं सुजू लागली.

"अक्का," ती कांताक्कांना म्हणाली, "बांगड्या भरताना गिऱ्हाइकापेक्षा मीच जास्त ओरडते!"

हसलो आम्ही. पण दर महिन्याला कांताक्का नुसत्या भुवया उडवून विचारायच्या, आणि शाहीन मान हलवायची. नाही.

*

एकदा ती पेढे घेऊनच आली. डॉक्टरांनी विचारलं, "हात कसे आहेत?"

"हाताचं कोण विचारतंय, साहेब!"

*

बाळंतपणानंतर दुखणं दुप्पट उसळलं. मुलगी दीड महिन्याची, आणि शाहीनला तिला उचलताही येईना. जुनी गोळी सुरू केली, तर अंगावरचं दूध तोडावं लागणार. काय ते आज ठरणार होतं. सलीम बाहेर येरझाऱ्या घालत होता.

तेवढ्यात पोर रडली. कांताक्कांनी तिला आपल्या हातांवर घेऊन शाहीनच्या छातीशी धरलं. मी ओढणी धरून आडोसा केला. शाहीनचे हात मांडीवर तसेच पडलेले. ती नुसती खाली बघत होती.

कंपाउंडरने नाव पुकारलं. कुणी हललं नाही. पुन्हा पुकारलं. शेवटी हातात तिची फाइल घेऊन डॉक्टरच दारात आले.

कांताक्कांनी मान वर केली नाही. "जरा दमा, डॉक्टर. लेकरू पितंय."

डॉक्टरांनी फाइल मिटली आणि आमच्याकडे पाठ करून ते बाकाच्या टोकाला बसून राहिले.