बिघडवलेली उत्तरं

सराव पेपरातला दगड ऐंशी ग्रॅमचा होता. दत्तोबांनी उत्तर साठ ग्रॅमच्या दगडाचं लिहिलं होतं. अक्षर मोत्यासारखं, पायऱ्या सगळ्या जागच्या जागी, आणि गुण शून्य.

साठ ग्रॅमचा दगड माझा. तेव्हा मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायचो. मॅट्रिकच्या वर्गाला शनिवारी सराव पेपर द्यायचा, सोमवारी त्याची सोडवलेली उत्तरं. जांभळ्या शाईनं लिहून कागद जिलेटिनच्या ताटावर दाबला की तीस-चाळीस प्रती निघायच्या. बोटं आठवडाभर जांभळी. आदल्या सोमवारच्या कागदात होतं, दगडाचं वजन हवेत साठ, पाण्यात चाळीस, म्हणजे घट वीस. साठ भागिले वीस, विशिष्ट गुरुत्व तीन. दगड पाण्याच्या तिप्पट जड, एवढाच त्याचा अर्थ.

दत्तोबा पंचविशीचे, खंडाळ्याकडचे. इंग्रजी सहावीतून फौजेत गेले, सिग्नलमध्ये होते. लढाई संपल्यावर परत येऊन पोरांच्या बाकावर बसले. लोणंद स्टेशनात तारबाबूची जागा मिळत होती, पण यंदाच मॅट्रिक व्हायला हवं होतं. वर्गात मी सगळ्यांना अरे-तुरे करायचो, यांना मात्र अहो.

"दत्तोबा, दगड बदललाय. दिसलं नाही?"

"दिसलं की सर. पर तुमच्या कागदात साठच हाय."

"म्हणून तेच उतरवलंत?"

"सिग्नलमधी निरोप आला तसा फुडं धाडायचा. एक अक्षर बदललं तरी साहेब सोलून काढायचा. हाताला तीच सवय लागलीया."

मी कपाळाला हात लावला. प्रिलिम तीन आठवड्यांवर आली होती, आणि प्रिलिमला नापास झालेल्याचा फॉर्म आमच्याकडून पुढे जात नसे. वैतागून विचारलं, "आणि निरोप बिघडूनच आला तर?"

"त्ये लगीच कळतंय. कुठं बिघडलाय त्ये हुडकायचं, आन् परत मागवायचा." बोलताना माणूस खुलला.

तिथं मला वाट सापडली. पुढच्या सोमवारी मी सोडवलेली उत्तरं मुद्दाम बिघडवून वाटली. प्रत्येकात एक चूक, वर ठळक अक्षरात तशी सूचना. कुठं घटीऐवजी पाण्यातल्या वजनानंच भागलेलं, कुठं वायूचं नाव बदललेलं. दत्तोबा पेन्सिल घेऊन त्यावर तुटून पडले.

हेडमास्तरांनी बोलावलं. "परीक्षेच्या तोंडावर चुकीचं शिकवताय?"

"चूक शोधायला शिकवतोय, सर."

"आणि तुमचे ते फौजी प्रिलिमला आपटले तर?"

"तर जबाबदारी माझी."

बोलून तर बसलो. त्या माणसाची नोकरी माझ्या डोक्यातल्या खुळावर टांगलेली होती.

शेवटच्या सोमवारी बॅटरीच्या घटाचा प्रश्न होता. दत्तोबा कागद घेऊन आले.

"सर, एक न्हाई, दोन हायत."

"एकच आहे. मीच घातलीय."

"नवसागराच्या जागी मीठ, ती तुमी घातलेली. पर आकृतीत जस्ताला अधिक आन् कार्बनला उणं केलंय. उलटं हाय त्ये. दोन वर्सं बॅटऱ्या जोडल्यात मी."

मी जुने कागद काढले. तीन वर्षांपूर्वी घाईत उलटी पडलेली चिन्हं मी दरवर्षी इमानेइतबारे नव्या कागदावर उतरवत आलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शंभरावर पोरांनी ती आकृती पाठ केली होती. त्यातली दोन तर सांगलीला इंजिनियरिंगला गेली होती. एकानंही शंका विचारली नव्हती.

दत्तोबा प्रिलिम पास झाले, मॅट्रिकही झाले. पेढे घेऊन आले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. पाया पडायला वाकले, तर मी म्हटलं, "त्या आकृतीपायी मीच तुमच्या पाया पडायला हवं."

"आवं सर, कायतरीच काय," म्हणाले आणि वाकलेच.

पुढे निवृत्त होईपर्यंत सोडवलेलं उत्तर वाटण्याआधी मी ते एखाद्या कामकऱ्याला दाखवत राहिलो. बॅटरीचं असेल तर वायरमनला, साबणाचं असेल तर परटाला. हुशार पोरांवर मी विसंबलो नाही. मास्तरांची चूकसुद्धा ती पोरं बिनचूक पाठ करतात.