हजाराच्या आतली गाडी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात गाडीच्या बॉनेटवरचं रक्त घासत होतो. तीन दिवस ते तसंच होतं. पहिल्या दिवशी हात लावायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "राहू द्या, अण्णा बरे होऊन आले की शिव्या घालत तेच पुसतील." तिसऱ्या दिवशी उन्हानं ते काळं, खरखरीत होऊन गेलं होतं. फोन सोलापूरच्या दवाखान्यातून होता, वहिनींचा. "भावजी, गेले ते," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन चालूच ठेवला... मीही ठेवला नाही. गाडीवर तेव्हा सहाशे बारा किलोमीटर झाले होते. हा आकडा नेमका त्या क्षणी माझ्या डोक्यात का आला, हे अण्णांना ओळखणाऱ्यांना सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो.

गुरुलिंगअण्णा माझे थोरले चुलतभाऊ. जळकोटला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज. गाड्या दुरुस्त करणारे इथं पुष्कळ आहेत, पण अण्णांची ख्याती नवी गाडी रुळवण्यासाठी. नळदुर्गपासून पार सीमेपलीकडच्या गावांतले लोक शोरूममधून गाडी काढली की आधी त्यांच्या दारात आणत. हल्लीच्या इंजिनांना असलं काही लागत नाही, असं कंपनीची माणसं म्हणतात. तरी गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पहिल्या हजार किलोमीटरचं पान असतंच, आणि ते पान आमच्या पंचक्रोशीत एकट्या अण्णांनी वाचलं होतं. सकाळी इंजिन सुरू केलं की मिनिटभर थांबायचं, मग हलक्या पायानं निघायचं. वेग साठच्या वर नाही, पण एकाच वेगावर पेंगतही जायचं नाही. कधी तीस, कधी पन्नास, कधी चाळीस... चढाला वेळेवर गिअर उतरवायचा, इंजिनाला धापा टाकायला लावायच्या नाहीत. गाडीत ओझं नको, करकचून ब्रेक नको, दारात उभी करून घुरघुर करत ठेवणं नको. "पिष्टनच्या रिंगा घासून घासून आपली जागा करतेत," ते सांगायचे. "लई लाड केले तर बसत न्हाईत, अन् दामटलं तर जन्मभर तेल पितेत." चालवताना चप्पल काढून ठेवत, कारण इंजिनाची थरथर तळपायाला आधी कळते. माणसांशी मराठीत बोलणारे अण्णा गाडीशी मात्र कानडीत बोलत. "निधान... निधान..." म्हणजे सावकाश. तो आवाज त्यांनी कुठल्याही माणसासाठी कधी वापरलेला मी ऐकला नाही.

माणसांसाठी त्यांचा हात होता. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात, पण मग अण्णांबद्दल अर्धंच बोलावं लागेल. मी वीस वर्षांचा असताना कुणाची तरी कोरी मोटारसायकल गॅरेजबाहेर उभी होती. मी ती उभ्या उभ्या रेस करून पोरांना आवाज ऐकवत होतो. मागून कानशिलात अशी बसली की मी गाडीसकट आडवा झालो आणि दोन दिवस त्या कानानं ऐकू आलं नाही. एकानं नवा टेम्पो पहिल्याच आठवड्यात वाळूनं शिगोशीग भरला. अण्णांनी त्याला केबिनमधून ओढून काढलं आणि दोन दात पाडले. मग वाळू उतरवायला लावून त्याच टेम्पोत त्याला घालून दातांच्या डॉक्टरकडे नेलं, तेही ताशी चाळीसच्या वेगानं. गावात हा किस्सा हसत हसत सांगतात. मीही सांगायचो. त्या माणसाला हसू आलं असेल का, असा प्रश्न मला या वयापर्यंत पडला नव्हता.

यंदा मी गाडी घेतली. शाळामास्तराची पहिली गाडी, तीही निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना. अण्णांना माझ्याइतकाच आनंद झाला. त्यांचा नियम होता की हजार होईपर्यंत गाडीच्या दोन्ही चाव्या त्यांच्याकडे राहायच्या. मालकाला मोह होतो, असं त्यांचं म्हणणं. मी एकच चावी दिली. दुसरी कंपनीकडून यायची आहे अशी थाप मारली. कशासाठी? आपली गाडी आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, हे मनाला लागलं म्हणून. इतकं साधं आणि इतकं मूर्खपणाचं कारण. दोन आठवडे अण्णा रोज सकाळी गाडी नेत, मला शेजारी बसवत, आणि आणून माझ्या अंगणात लावत.

आमच्याकडे नवी गाडी आली की आधी तुळजापूर. त्यात कुणाचं दुमत नसतं. आणि देवीला एकटं जायची रीत नाही, सोयरेधायरे सगळे कोंबायचे. अण्णांचं आयुष्य या एका रीतीशी भांडण्यात गेलं. "देवी कुठं पळून चालली न्हाय. हजार होऊ द्या, मग न्या." एका रविवारी माझा मेहुणा प्रमोद बायको, सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन दारात उभा राहिला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, हौशी, तापट. "दाजी, आज अण्णा लग्नाला गेलेत म्हणं. दुसरी चावी हाय की तुमच्याजवळ." मी काढून दिली. तो चालवायला बसला, मी शेजारी, मागं सगळा गोतावळा, डिकीत नैवेद्याचं सामान आणि पाण्याचे कॅन. जागा उरली नाही म्हणून माझी बायको घरीच राहिली. गावातून हायवेला लागेपर्यंत त्यानं इंजिन किंचाळेल इतकं ताणलं होतं.

अण्णा लग्नाला गेलेच नव्हते. गॅरेजच्या दारात बसले होते. गाडी दिसायच्या आधी त्यांना आवाज ऐकू आला असणार, कारण आम्ही पोचलो तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, अनवाणी. प्रमोदनं ब्रेक दाबला, मागची मुलं पुढच्या सीटवर आदळली. अण्णांनी दार उघडलं, आत हात घालून आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि मग प्रमोदची कॉलर धरून त्याला बाहेर खेचलं.

"आरं, चारशे राहिलेत अजून! चारशे दम निघंना व्हय रं तुला?"

आणि दोन मुस्काटात. सासू-सासऱ्यांसमोर, बायकोसमोर. प्रमोदच्या ओठातून रक्त आलं. अण्णांनी तिसऱ्यांदा हात उचलला. हेही मी पोलिसांना सांगितलं आहे. पहिला हात अण्णांनीच टाकला. तिथून पुढचं मात्र मी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही.

भांडण सोडवायची आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्यानं त्यानं आपल्या माणसाला धरायचं. परक्याच्या अंगाला हात लावला की आपणही भांडणात ओढले जातो, म्हणून आपल्या माणसाला मागं ओढायचं, समोरच्याला त्याची माणसं ओढतील. लहानपणापासून प्रत्येक जत्रेत, प्रत्येक बांधावर हेच पाहिलेलं. मी गाडीतून उतरलो, अण्णांना मागून कव घातली आणि त्यांचे दोन्ही हात आवळून धरले. "सोड रं मास्तर," ते म्हणाले. मी अजून घट्ट धरलं. प्रमोदला धरणारं कुणी नव्हतं. त्याच्या बाजूला म्हातारे सासरे आणि बायकामुलं. त्यानं गॅरेजच्या दारात पडलेला व्हीलपाना उचलला. पहिला फटका अण्णांच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज माझ्या छातीला कळला. मी तेव्हाही सोडलं नाही... का, ते मला सांगता येत नाही. हातांना मेंदूचा निरोप पोचला नाही. दुसरा फटका डोक्यात. रक्त माझ्या चष्म्यावर उडालं. मग मात्र ते इतके जड झाले की माझे हात आपोआप सुटले आणि अण्णा बॉनेटवर पालथे पडले. कोऱ्या, गरम बॉनेटवर.

दवाखान्यात ते अर्धा दिवस शुद्धीवर होते. पोलीस जबाब घ्यायला आले तर म्हणाले, "गाडी थांबवाया गेलो, पाय घसरला, आपटलो." सोयऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तेच सगळ्यांनी धरून ठेवलं. मीही. आम्हा लिंगायतांत मयताला बसवून पुरतात. शवविच्छेदन झालेलं मस्तक सरळ राहीना, म्हणून दोघांना मागून धरावं लागलं. टाक्यांच्या ओळीवर वहिनींनी स्वतः विभूती लावली. तिसरा माणूस हवा होता, हात लावा म्हणून मला कुणीतरी खुणावलं. मी पुढं झालो नाही. या हातांनी त्यांना परत धरणं मला जमलं नसतं.

त्या रविवारपासून पाचव्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो आणि सगळं सांगितलं. चावी, थापड, पाना, आणि माझी कव. आदल्या संध्याकाळी बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही बोललात तर मला माहेर उरणार नाही. न बोललात तर मला नवरा उरणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा." प्रमोद आत गेला. ती त्याच्या मुलांना सांभाळायला गेली आहे, अजून आली नाही. येईल का, माहीत नाही. गाडी ठाण्याच्या आवारात जप्त आहे.

वहिनींना तोंड दाखवायला मला महिना लागला. गॅरेजचं शटर उघडं होतं. आत त्या अण्णांच्या जागी, टायरवर टाकलेल्या पोत्यावर बसून पाने पुसत होत्या. एकेक पाना पुसायचा आणि भिंतीवरच्या खिळ्याला मापाप्रमाणे अडकवायचा, हे अण्णांचं रोजचं काम. मी उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, मारताना त्यांचे हात मी धरले होते."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "शुद्धीत असताना त्येनीच सांगितलं. म्हणले, मास्तरनं धरलं ते बरं केलं, न्हाय तर माझ्या हातनं त्या पोराचा मुडदा पडला असता. माझा हात मला म्हाईत हाय. तुमचं नाव येऊ ने म्हणून पडलो म्हणाले."

मी खाली बसलो. महिनाभर न आलेलं रडू तिथं आलं, हमसून हमसून. वहिनींनी मला रडू दिलं. पुढ्यातले सगळे पाने पुसून संपले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्येंचं त्येनी सांगितलं, भावजी. आता माझं ऐका. तुमाला धरायचंच हुतं, तर त्या पोराला धरायचं."

हे बोलून त्यांनी पुसलेला शेवटचा पाना माझ्या हातात दिला, आणि भिंतीवरचा त्याच्या मापाचा रिकामा खिळा दाखवला.