अर्ध्या सेकंदासाठी हैदराबाद

हैदराबादला थंडीत जा, असं मी कुणालाही सांगेन. मी मात्र फिरायला गेले नव्हते. संगणकाच्या जाळ्यात निरोप कुठे रेंगाळतो ते शोधायचं आणि तो उशीर कमी करायचा, हे माझं पुण्यातल्या नोकरीतलं काम. सोमवारी दुपारी साहेबांनी बोलावून घेतलं आणि संध्याकाळी मी गाडीत बसले.

प्रकरण असं होतं. हैदराबादच्या एका कॉल सेंटरमध्ये विलायतेतल्या एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेतले जातात. तिथल्या एका टीमबद्दल सारखी एकच तक्रार येत होती : या मुली आमचं बोलणं पुरं होऊ देत नाहीत, मध्येच तोडतात. शुक्रवारी विलायतेतली माणसं स्वतः फोन ऐकणार होती. तेव्हाही तसंच वाटलं तर त्या टीमचं काम दुसऱ्या देशात जाणार आणि मुली घरी बसणार. आवाज उशिरा पोचतोय म्हणून असं होतंय का, एवढंच मला बघायचं होतं. 'एवढंच' हा शब्द साहेबांचा.

पुण्याहून रात्रीची गाडी सोयीची. सकाळी बेगमपेटला उतरा म्हणजे सिकंदराबादची गर्दी टळते. रिक्षाला इथे ऑटो म्हणतात. मीटरने यायला कुरकुर करतात, पण दोन ऑटो सोडले की तिसरा येतो. मी बरकतपुऱ्याला माझ्या वडिलांच्या चुलतबहिणीकडे, कमलआत्याकडे, उतरले. आत्या मूळची परभणीची. लग्न होऊन इथे आली ती इथलीच झाली. काका गेल्यापासून एकटी राहते.

"चहा घे, जल्दी आंघोळ कर, पाणी काढलंय," ती दारातच म्हणाली. "अन् किती वाळलीस गं शुभा! पुण्यात खायला देत नाहीत का?"

मी चहा उभ्यानेच घेतला. जायचं होतं माधापूरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. खैरताबाद सोडलं की रस्ता चढू लागतो आणि दोन्ही बाजूंना एकावर एक ठेवल्यासारखे प्रचंड खडक दिसतात. त्यातलेच काही फोडून काचेच्या इमारती उभ्या राहताहेत. सुरुंगाची धूळ खाली बसायच्या आत कंपनीची पाटी लागलेली असते. इकडे येणार असाल तर हे खडक आताच बघून घ्या, पुढच्या खेपेला दिसतील याची खात्री नाही. मला ते नीट बघता आले नाहीत. मनात शुक्रवार होता.

टीमची प्रमुख वृषाली इथल्याच विद्यानगरची, घरी मराठी बोलणारी. पंचविशीतली असेल. मराठी ऐकून तिला हायसं वाटलं.

"मॅडम, माझ्या पोरींना उद्धट म्हणायलेत," ती म्हणाली. "ट्रेनिंगमध्ये नम्रतेत सगळ्यात जास्त मार्क आमचे होते. आता तुम्हीच सांगा, आम्ही काय करायलोय?"

मी संगणकासमोर बसले. आमच्या कामात पहिली चाचणी साधी असते : दूरच्या यंत्राला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. वेळ जास्त लागत होता, पण उपग्रहाच्या वाटेला जितका लागतो तितका नाही आणि समुद्राखालच्या केबलला लागतो त्याहून बराच अधिक. अधलामधला आकडा. अशा आकड्याने मी बेचैन होते. हाक कुठल्या वाटेने गेली आणि 'ओ' कुठल्या वाटेने परत आला, हे त्यातून कळत नाही.

त्या संध्याकाळी आत्याने भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती. वाढता वाढता ती सांगू लागली. "लग्नानंतर पहिल्यांदा आले ना, तर कच्चीगुड्याच्या स्टेशनला उतरले. बघते तर घ्यायला कुणीच नाही. हातात ट्रंक, सोबत धाकटा भाऊ, अन् भाषा एक येत नाही…" मी भाकरी मोडत होते आणि तो अधलामधला आकडा डोक्यात फिरत होता. आत्या थांबली.

"अगं हुंकार दे की! का भिंतीशी बोलू मी?"

"ऐकतेय आत्या."

"ऐकणारी अशी बसत नसते," ती म्हणाली आणि भात आणायला उठली. गोष्ट तिथेच राहिली. मीही विचारलं नाही.

बुधवारी वाट सापडली. विलायतेच्या टोकाला बसलेल्या अभियंत्याशी बोलून आम्ही दोन्हीकडून वेगवेगळं मोजलं. इकडून तिकडे आवाज केबलमधून जात होता. तिकडून इकडे येताना मात्र तो आभाळात उपग्रहापर्यंत चढून पुन्हा खाली उतरत होता. पूर्वी कधीतरी केबल बिघडली तेव्हा त्या बाजूने केलेली ती तात्पुरती सोय होती. केबल दुरुस्त झाली आणि सोय तशीच राहिली. बदल यंत्राला दिलेल्या सूचनांतल्या दोन ओळींचा, पण तो करायची परवानगी मिळवण्यात दिवस गेला. सेंटरचे प्रमुख मूर्तीगारू ('गारू' म्हणजे आपलं 'राव') फोनवर फोन करत होते. मी कॅन्टीन आणि यंत्रांची खोली यांच्यामध्ये येरझारा घालत होते. (कॅन्टीनमधला पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, उत्तम. आल्याची चटणी जपून घ्या.) संध्याकाळी बदल झाला. मी पुन्हा हाक मारली आणि 'ओ' झटकन आला. मूर्तीगारूंनी माझा हात हातात घेऊन हलवला.

इथेच परत निघाले असते तर हे लिखाण फार छान संपलं असतं.

गुरुवारी दुपारी विलायतेत सकाळ झाली, फोन सुरू झाले आणि तासाभरात वृषाली माझ्यापाशी आली. "कमी झालंय मॅडम. पण आहे. आत्ताच एक बाई म्हणाली, मला बोलू देशील का?"

मी दिसेल ते करू लागले. येणाऱ्या आवाजाचे तुकडे यंत्र थोडा वेळ साठवतं आणि मग सलग ऐकवतं. तो साठा मी कमी केला. आवाज लवकर येऊ लागला, पण खरखरायला लागला आणि मुली "काय? काय?" करू लागल्या. साठा परत वाढवला. आता उरला होता तो समुद्राचा उशीर. काचेच्या तंतूतून प्रकाश जेवढ्या वेगाने जातो त्याहून जलद त्याला कुणी हाकलू शकत नाही. हे मला कॉलेजपासून माहीत आहे. तरी मी पुनःपुन्हा मोजत राहिले.

शेवटी मोजणं सोडून मी ऐकायला बसले. तिकडच्या अभियंत्याने ग्राहकाच्या टोकाला ऐकू येणारा आवाज नोंदवून पाठवला होता. एक म्हातारे गृहस्थ गळक्या छपराबद्दल सांगत होते. त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर आमची मुलगी म्हणत होती : "हां… यस… यस… हां." मला हैदराबादी "हौ", म्हणजे आपला 'हो', तोसुद्धा ऐकू आला. इकडे बसून ऐकलं तर तो अगदी वेळेवर, वाक्य संपता संपता पडत होता. तिकडे मात्र तो पुढच्या वाक्याच्या पहिल्या शब्दावर आदळायचा. गृहस्थ थांबायचे. इकडे शांतता ऐकू यायची, म्हणून मुलगी बोलू लागायची. तेवढ्यात तेही बोलू लागायचे. दोघंही "सॉरी", दोघंही गप्प, आणि पुन्हा दोघंही एकदम.

हुंकार दे की, असं आत्या म्हणाली होती. या मुली तेच करत होत्या. समोरचा माणूस सांगतोय आणि आपण भिंत नाही, हे त्या बिचाऱ्या दर वाक्याला कळवत होत्या. ज्या टीमला नम्रतेत सर्वांत जास्त मार्क, तीच सर्वांत उद्धट ठरत होती.

मी वृषालीला ते ऐकवलं. तिने दोनदा ऐकलं.

"म्हणजे हां म्हणायचं नाही?"

"त्यांचं पूर्ण होईपर्यंत नाही. मग एकदाच, नीट."

"माणूस आपली तकलीफ सांगायलाय अन् आपण दगडासारखं बसायचं? ताई, माझी अम्मा चप्पल काढेल." घाबरल्यावर तिने मॅडमची ताई केली, हे माझ्या लक्षात आलं.

मुलींना एकत्र बसवून तिने सराव सुरू केला. कुणाला जमेना. एकीने ओठ दातांखाली धरले तर नाकातून "हूं" आला. दुसरी म्हणाली, "अक्का, नक्को, माझा श्वास अडकायलाय." सगळ्या हसल्या. वृषाली हसली नाही. ती हेडसेटच्या वायरीकडे बघत होती. तिथे एक बटण असतं. दाबलं की आपला आवाज पलीकडे जात नाही.

"असं करा," ती म्हणाली. "तो बोलतोय तोपर्यंत हे दाबून ठेवा. अन् किती हौ म्हणायचंय तितकं म्हणा."

शुक्रवारी सकाळी मला आत्यासोबत थांबता आलं असतं. दुपारपर्यंत काम नव्हतं. पण बसवेना. चालत कोठी नावाच्या भागापर्यंत गेले, सुलतान बाजारात शिरले. कापड घ्यायचं असेल तर दुकानं उघडता उघडता जा, भाव करायला दुकानदाराला सवड असते. मी आत्यासाठी सुती साडी घेतली. "और दिखाऊं अम्मा?" दुकानदार विचारत होता आणि मी घड्याळ बघत होते. पलीकडच्या इराणी हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेतली. दोन्ही स्वस्त आणि दोन्हीसाठी सावकाश बसायला हवं. मी अर्धा कप टाकून निघाले.

दुपारी काचेपलीकडून मी टीम बघितली. बारा मुली, प्रत्येकीचा अंगठा बटणावर. कुणी मान हलवतेय, कुणी डोळे मोठे करतेय, आणि प्रत्येकीचं तोंड चाललंय : हौ, हां, अय्यो, हौ. त्यातलं काहीही कुठेही पोचत नव्हतं. मग अंगठा उचलायचा आणि एक शांत, पूर्ण वाक्य समुद्रापलीकडे जायचं. मला हसू आलं आणि लगेच कसंसंच झालं. आपण दुरुस्त काय केलं? उशीर तर थोडा उरलाच होता. त्या उशिरात बसेल एवढं यांचं ऐकणं आपण कापून दिलं.

संध्याकाळी मूर्तीगारू खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी वृषालीकडे बघून नुसता अंगठा उंचावला. काम टीमकडेच राहिलं होतं. फोन ऐकणाऱ्या विलायतेच्या साहेबांनी शेरा दिला होता की ही टीम फार लक्ष देऊन ऐकते. वृषाली खुर्चीत बसली आणि तिने चेहरा ओढणीत लपवला. मग डोळे पुसत म्हणाली, "ताई, काल घरी पप्पा काहीतरी सांगत होते अन् मी त्या सरावानं गप्प. पप्पा विचारले, मी काय चूक केलो बेटा?"

"मग?"

"मग काय! घरी बटण नाही म्हणले."

निघताना आत्याला साडी दिली. तिने ती उलगडून काठ बघितला, खामखा खर्च केलास म्हणाली आणि लगेच खांद्यावर टाकून बघितली. "आत्या, ती कच्चीगुड्याची गोष्ट राहिली," मी म्हणाले.

"आता कुठं? तुझा ऑटो उभा आहे."

पुण्यात येऊन आठवडा झाला. हैदराबादमध्ये काय बघितलंस, असं लोक विचारतात तेव्हा चारमिनार नाही बघितला, हे सांगावं लागतं. उशीर किती कमी केला ते अहवालात लिहिलं. त्या मुलींच्या अंगठ्यांबद्दल कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

रविवारी सकाळी आत्याला फोन लावला. इकडची तिकडची चौकशी झाली. मग मी खुर्ची ओढून बसले.

"कच्चीगुड्याला उतरलीस आणि घ्यायला कुणी नव्हतं. पुढे?"

"खरंच सांगू?"

"हूं."

"भाऊ रडायला लागला. मी ट्रंकेवर बसले."

"हूं."

"अन् तुझे काका कुठं असतील? ते नामपल्लीच्या स्टेशनला! सकाळपासून हार घेऊन उभे. मी इकडं, ते तिकडं."

"हौ?" माझ्या तोंडून आपसूक आलं.

आत्या मोठ्याने हसली आणि पुढे सांगू लागली.