वकिलांचा होकार

"ओ, दोन भोवरेवाले! थांबा!"

भर रस्त्यात मागून हाक आली. वळून पाहतो तर एक गृहस्थ हातात वस्तरा घेऊन माझ्याकडे धावत येताहेत आणि त्यांच्या दुकानात अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आ वासून बसलंय.

"मानेवरचे केस कोणी कापले? उंदरानं?"

मी कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव सांगितलं.

"मग उंदीरच," ते म्हणाले. तेव्हापासून माझं डोकं त्यांच्या ताब्यात.

सगळी गल्ली त्यांना वकील म्हणे. गिऱ्हाईक "बारीक करा" म्हणालं की हे विचारत, "का?" उलटतपासणी झाल्याशिवाय कात्री चालायची नाही. घरीही तेच. वहिनी मीठ कमी म्हणाल्या की हे जास्त म्हणत आणि मग चव घेत.

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला, पाय ओढू लागला. बोलणं शाबूत राहिलं. दुकान वहिनींच्या भावानं सांभाळलं. महिन्याभरानं मी भेटायला गेलो, तर वहिनी दारातच कुजबुजल्या, "गुणी बाळ झालेत अगदी! एकतीस वर्षांत इतके होकार ऐकले नव्हते मी. बघा हं. अहो, चहा देऊ?"

"हो."

"की दूध?"

"हो."

"खिडकी लावू?"

"हो."

"की उघडीच ठेवू?"

"हो."

आम्ही हसलो. आजारानं माणूस निवळतो, असं मीही बोलून गेलो. मी शाळेत मास्तर होतो तेव्हा वर्गातलं दंगेखोर पोर गप्प बसलं तर आधी त्याच्या कपाळाला हात लावायचो. इथे मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

व्यायाम शिकवायला येणारी ताई हसली नाही. कपडे वाळवायचे चिमटे उजव्या हातानं दोरीला लावायचे, असा तिचा रोजचा अभ्यास होता.

"लावले का, काका?"

"हो."

दोरी रिकामी होती.

"काकू, हे ऐकत नाहीयेत, यांनी सोडून दिलंय," ती म्हणाली. "हात सुधारायचा तर हेच महिने महत्त्वाचे. पुढे फार जड जाईल."

डॉक्टरांनी वकिलांना एकट्याला बसवून विचारलं. तिथे ते बोलले, "कात्री धरता येत नाही, तर माझ्या मताला कोण विचारतो? वाद घालून करू काय?" झटक्यानंतर पुष्कळांना असं होतं, हे उदासीचं दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू केल्या. वहिनींना म्हणाले, "आणि इतकं जपू नका. पूर्वीसारखं भांडा."

वहिनींची सवय मोडली होती. पहिल्या दिवशी "तुम्ही ना, अगदी, अगदी..." म्हणून त्याच रडू लागल्या. दुसऱ्या दिवशी जमलं, पण वकील "हो" म्हणून मोकळे.

पाचेक आठवड्यांनी मी गेलो तेव्हा वकिलांचे केस कानांवर आले होते.

"मीच कापू का?" वहिनींनी विचारलं.

"हो."

वहिनींनी कात्री उचलली, एक बट धरली आणि कचकन उडवली.

"अगं ए! ती काय कोथिंबीर आहे?"

आम्ही दोघंही दचकलो. वहिनींनी स्वतःला सावरलं. "मग दाखवा की कशी धरतात ती!"

वकिलांनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत येऊन थरथरला. बोटं काही कात्रीत शिरेनात.

"नाही ना जमत? मग गप्प बसा."

"का बसू गप्प? डोकं माझं आहे!"

अर्धा तास भांडण चाललं. केस भयानक कापले गेले. संध्याकाळी दोरीवर सात चिमटे होते, त्यातले तीन वाकडे. हा गोळ्यांचा गुण की केसांचा राग, असं वहिनींनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही चालू ठेवा."

अजूनही वकील सकाळी गोळी घेतात आणि दोन तास दुकानात जातात. कात्री मेव्हण्याकडेच आहे. दाढीचा फेस मात्र वकील लावतात, उजव्या हातानं.